कर्नाटक संगीत आणि रॉक यांचा मेळ : बेंगळुरूच्या ‘अगम’ बँडची घडण आणि ध्वनी

प्रस्तावना

‘फ्युजन’ हा शब्द तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगपासून दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांपर्यंत सगळीकडे ऐकला असेल. तबल्यामागे ड्रम्स वाजले किंवा बंदिशीच्या मध्ये गिटार आली की त्याला फ्युजन म्हटले जाते. या पाठात आपण हा शब्द थोडा बाजूला ठेवू आणि एक साधा प्रश्न विचारू : दोन संगीतपरंपरा एकत्र येतात तेव्हा प्रत्येकीला काय सोडावे लागते आणि प्रत्येकीने काय राखले पाहिजे?

उदाहरण म्हणून बेंगळुरूचा ‘अगम’ हा बँड घेऊ. कर्नाटक संगीत आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या दोहोंवर त्याचे संगीत उभे आहे. हा पाठ समजायला कर्नाटक संगीताचे पूर्वज्ञान लागत नाही. सात स्वर, सम आणि आवर्तन एवढ्या कल्पना माहीत असल्या तरी पुरे. पाठ संपल्यावर मिश्र शैलीचे कोणतेही गाणे केवळ ‘आवडले, नाही आवडले’ एवढ्यावर न थांबता तुम्हाला तपासून ऐकता यावे, हा उद्देश आहे.

१. वस्ती, नोकरी आणि सराव

कोणतेही संगीत एखाद्या जागेत, ठरावीक वेळेत आणि ठरावीक माणसांमध्ये घडते. म्हणून आधी जागा पाहू.

बेंगळुरूच्या आग्नेयेला एचएसआर लेआउट ही वस्ती आहे. एचएसआर म्हणजे होसूर–सरजापूर रस्ता. ज्या दोन रस्त्यांच्या बेचक्यात ही वस्ती आहे, त्यांचेच नाव तिला मिळाले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेले सात सेक्टर, एका कडेला आगरा तलाव, दुसरीकडे सिल्क बोर्डचा गजबजलेला चौक. होसूर रस्त्याने पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक सिटी आणि बाह्यवळण रस्त्याने गेले की सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये लागतात. त्यामुळे इथे देशभरातून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी राहतात. एकाच फ्लॅटमध्ये पालक्काडचा, चेन्नईचा, पुण्याचा आणि गुवाहाटीचा मुलगा राहतो. त्यांच्यातला एक लहानपणी आठ-दहा वर्षे व्हायोलिन शिकलेला असतो, तर दुसऱ्याने हॉस्टेलमध्ये गिटार उचललेली असते. बँडचे बीज अशा वस्तीत पडते.

पण बीज पडले तरी ड्रम्स कुठे वाजवायचे? ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पूर्ण ड्रमसंच जवळून ऐकला तर १०० डेसिबलच्या वर सहज जातो. डेसिबलचे माप लॉगरिदमिक आहे : दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता १० पट होते. म्हणजे १०० आणि ५५ यांतला फरक सुमारे ३० हजार पटींचा. अंतर आणि भिंती यांमुळे शेजाऱ्यापर्यंत पोचणारा आवाज पुष्कळ कमी होतो, हे खरे. तरी फ्लॅटमध्ये बँडचा सराव चालत नाही तो का, हे यातून कळते. मुंबईत ज्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव भरत असे, तिथले कार्यक्रमही शांतता क्षेत्राच्या नियमामुळे बंद पडले.

याचा परिणाम थेट संगीतावर होतो. सराव तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये करावा लागतो, तोही शनिवार-रविवारी. आठवडाभर प्रत्येकजण घरी हेडफोन लावून, संगणकावर आपापला भाग बसवतो. अशा पद्धतीत दोन गोष्टी घडतात. एक, आधी रचून ठेवलेले, बारकाईने जुळवलेले भाग वाढतात. दुसरे, तासन्‌तास एकत्र बसून सुचत जाणारे वादन कमी होते. प्रोग्रेसिव्ह रॉक ही शैली मुळातच लांब, भागांमध्ये विभागलेल्या, काटेकोर रचनांची आहे. त्यामुळे नोकरी करणाऱ्या बेंगळुरूच्या वादकांना ती सोयीची वाटली, यात नवल नाही. मनोधर्म, म्हणजे आयत्या वेळचा विस्तार, हा मात्र कर्नाटक संगीताचा प्राण. पहिली तडजोड इथेच, राग-तालाच्या आधीच, सुरू होते.

२. ‘अगम’ची घडण

अगमची सुरुवात २००३ मध्ये बेंगळुरूत झाली. मराठी वाचकाला या नावावरून ‘अगम्य’ आठवेल. तमिळमध्ये मात्र ‘अगम’ म्हणजे आतले, अंतरंग. प्राचीन संघम साहित्यात कवितेचे दोन मोठे विभाग आहेत : प्रेम आणि मनाच्या आतल्या जगाविषयीची ती ‘अगम’ आणि युद्ध, राजे, लोकव्यवहार यांविषयीची ती ‘पुरम’. बँडच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ म्हणजे आतला ‘स्व’ जागा होतो, असे आहे. नाव आणि अल्बम यांचा संबंध आता तुमच्या लक्षात येईल.

बँडचे प्रमुख गायक हरीश शिवरामकृष्णन हे व्हायोलिनही वाजवतात. कीबोर्डवर आणि गीतलेखनात स्वामी सीतारामन, लीड गिटारवर टी. प्रवीण कुमार, ड्रम्सवर गणेश राम नागराजन, भारतीय तालवाद्यांवर शिवकुमार नागराजन आणि बेस गिटारवर आदित्य कश्यप अशी मंडळी पहिल्या अल्बमच्या काळातली. यांतले बहुतेकजण नोकरी सांभाळून संगीत करत आले. हरीश यांची सॉफ्टवेअर उत्पादनांच्या डिझाइनच्या क्षेत्रातही ओळख आहे.

२००७ मध्ये सन टीव्हीवरच्या ‘ऊ ला ला ला’ या बँडस्पर्धेत अगम विजेता ठरला. या स्पर्धेशी संगीतकार ए. आर. रहमान निगडित होते. मग २०१२ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी ‘कोक स्टुडिओ @ एमटीव्ही’च्या दुसऱ्या पर्वात बँडने ‘मनव्यालकिंचरादटे’ ही त्यागराजांची कृती सादर केली. दुसरा अल्बम ‘अ ड्रीम टू रिमेम्बर’ २०१७ मधला.

वर्षांकडे लक्ष द्या. स्थापना आणि पहिला अल्बम यांत ९ वर्षांचे अंतर आहे, पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये ५ वर्षांचे. पोटापाण्यासाठी संगीतावर अवलंबून नसलेला बँड सावकाश चालतो. याचा तोटा उघड आहे. फायदा असा की ‘लवकर काहीतरी विकायला हवे’ हा दबाव कमी होतो आणि अवघड प्रश्न सोडवायला वेळ मिळतो. ते अवघड प्रश्न कोणते, ते आता पाहू.

३. स्वरांचा प्रश्न : गंधार कोणाचा?

‘मनव्यालकिंचरादटे’ ही कृती नलिनकांती रागात आहे. या रागाचा आरोह सा ग रे म प नि सां आणि अवरोह सां नि प म ग रे सा असा आहे. हिंदुस्थानी पद्धतीच्या भाषेत सांगायचे तर सगळे स्वर शुद्ध आहेत आणि धैवत वर्ज्य. ऐकताना तिलक कामोदाची छटा जाणवते. पण तिलक कामोदात धैवत लागतो, इथे तो नाही.

आता हा राग रॉक बँडच्या हाती दिला तर काय अडचणी येतात? त्या तीन आहेत.

*पहिली अडचण चालीची.* आरोहात ‘सा रे ग म’ असे सरळ जाता येत नाही. ‘सा ग रे म’ असे वळण घ्यावे लागते. गिटारवादकाची बोटे मात्र सरळ स्वरमालिका वेगाने वाजवण्याच्या सवयीची असतात. त्याने सरळ तान मारली तर एकही स्वर चुकीचा नसतो, तरी राग मोडतो. राग म्हणजे फक्त स्वरांची यादी नव्हे, त्या स्वरांमधून चालण्याची वाट आहे, हे इथे नेमके कळते.

*दुसरी अडचण कॉर्डची.* रॉक आणि त्याआधीचे ब्लूज यांचा पाया तीन कॉर्डवर आहे : सा, म आणि प यांवर उभारलेले. कॉर्ड म्हणजे एक सोडून एक असे तीन स्वर एकत्र. सा-ग-प जमतो. प-नि-रे जमतो. पण ‘म’चा कॉर्ड म-ध-सा असा होतो, आणि धैवत तर वर्ज्य! म्हणजे रॉकच्या तिपाईचा एक पाय नलिनकांतीत मुळातच नाही. तो कॉर्ड वाजवला की राग गेला. न वाजवला तर रॉकच्या कानाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

*तिसरी अडचण श्रुतीची.* तंबोऱ्याच्या साथीत गायक जो शुद्ध गंधार लावतो, तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात बसतो. गिटारच्या पट्ट्या आणि कीबोर्डच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे १२ समान भाग करून बसवलेल्या असतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट मानले तर गिटारचा गंधार त्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंट आहे. म्हणजे पंचमावर दोघांचे पटते, गंधारावर भांडण होते.

ही अडचण नवी नाही. हार्मोनिअमवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनिअमला बंदी घातली होती. हार्मोनिअमला मींड काढता येत नाही आणि तिचे स्वर पक्के बांधलेले असतात, ही त्यामागची मुख्य तक्रार. त्याच काळात महाराष्ट्राच्या रंगभूमीवर ऑर्गन आणि हार्मोनिअम यांच्याशिवाय नाट्यसंगीताची कल्पनाही करता येत नव्हती. एकच वाद्य एका ठिकाणी निषिद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी आधारस्तंभ, हे विसरू नका.

आता यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीवर रॉकच्याच पेटीतले एक साधन उपयोगी पडते. त्याचे नाव पॉवर कॉर्ड. यात मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच वाजतात. मधला गंधार गाळलेला असतो. रॉकमध्ये हा कॉर्ड रूढ झाला तो गिटारच्या डिस्टॉर्शनमुळे. डिस्टॉर्शनमध्ये प्रत्येक स्वराचे पुष्कळ उपस्वर तयार होतात, शिवाय दोन स्वरांच्या मिश्रणातून नवेही निपजतात. तीन स्वर एकत्र वाजवले तर गढूळ कल्लोळ होतो. सा-प मात्र स्वच्छ, भरदार वाजतो.

पॉवर कॉर्डने ‘म’चा प्रश्नही सुटतो. ‘म’चा पॉवर कॉर्ड म-सा एवढाच, त्यात धैवत नसतोच. तिपाईचा तिसरा पाय असा परत मिळतो. आणि मधली जागा रिकामी असल्यामुळे गंधार कुठे, किती हलवून लावायचा, हे गायक ठरवतो. गिटार सा-पचा तंबोरा होते, फक्त जास्त जोरकस.

म्हणून लक्षात ठेवा : कर्नाटक गायन आणि जड डिस्टॉर्शन असलेली गिटार ही जोडी वरवर विजोड दिसते, पण साध्या गिटारवर पूर्ण कॉर्ड छेडून केलेल्या साथीपेक्षा ती पुष्कळदा रागाला अधिक मोकळीक देते. गोंगाट करणारे वाद्य रागाला कमी अडवते आणि गोड वाजणारे जास्त, ही गोष्ट ऐकून तपासण्यासारखी आहे.

गमकांचा प्रश्न उरतो. कर्नाटक संगीतात स्वर क्वचितच स्थिर उभा राहतो. तो शेजारच्या स्वरांना स्पर्श करत डोलतो. गिटारवर तार ओढून किंवा बोट सरकवून, कीबोर्डवर स्वर वाकवणाऱ्या चक्राने काही गमके जमतात. व्हायोलिनला पट्ट्याच नसल्यामुळे ते सर्वांत मोकळे. म्हणूनच १९व्या शतकात बालुस्वामी दीक्षितारांच्या प्रयत्नांतून हे युरोपीय वाद्य कर्नाटक संगीतात आले आणि पुढे इतके मुरले की आज ते परके वाटतच नाही. यू. श्रीनिवास यांनी विजेवरचे मॅन्डोलिन आणि कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोन याच वाटेने नेले. अगममध्ये गायकाच्या हातात व्हायोलिन असणे हे या इतिहासाशी जुळते : गळ्याला जे जमते ते लगेच वाजवून दाखवणारे वाद्य बँडच्या आतच आहे.

४. काळाचा प्रश्न : सम आणि बॅकबीट

रॉकचा नेहमीचा ठेका ४ मात्रांचा. त्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो. याला बॅकबीट म्हणतात. कर्नाटक संगीतातला सर्वांत रूढ ताल आदिताल, ८ अक्षरांचा. त्याचे भाग ४+२+२. दोन रॉक-आवर्तने म्हणजे एक आदिताल. गणित सोपे आहे. आपल्याकडच्या भजनी ठेक्याच्याही ८ मात्रा, त्यामुळे अभंग आणि रॉक हेही गणिताने पटकन जुळतात.

गणित जुळले तरी वजन जुळत नाही. आदितालात श्रोत्याचे लक्ष समेकडे असते आणि हाताच्या टाळीने तो आवर्तनाचा आराखडा सांभाळतो. बॅकबीट मात्र सतत ‘दोन’ आणि ‘चार’वर ठोकत राहतो, त्यामुळे ८ अक्षरांचे लांब आवर्तन ४-४ च्या तुकड्यांत फुटल्यासारखे वाटते. शिवाय त्यागराजांच्या अनेक कृती देशादि पद्धतीच्या, म्हणजे शब्द समेवर सुरू न होता दीड अक्षर पुढे सुरू होणाऱ्या आहेत. रॉकच्या श्रोत्याला ‘एक’वर शब्द अपेक्षित असतो. ड्रमवादकाने समेवर जोराचा ठोका दिला तर शब्दाआधीची ती छोटी पोकळी उठून दिसते आणि सुंदर वाटते. त्याने ती भरून काढली तर रचनेचा श्वासच जातो.

विषम तालांत मात्र दोन्ही परंपरा एकमेकींना सहज ओळखतात. कर्नाटकातला मिश्र चापू ७ मात्रांचा, ३+४. आपला रूपक ७ मात्रांचा, ३+२+२. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ या प्रसिद्ध गाण्याचा मुख्य भागही ७ मात्रांचा. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये ५, ७, ११ मात्रांची आवर्तने नेहमीची. तसेच समेवर संपणारी तिहाई किंवा कर्नाटकातला कोर्वै हा प्रकार रॉकच्या एकसाथ थांबणाऱ्या, सर्व वाद्यांनी मिळून वाजवलेल्या तुकड्यांशी मिळताजुळता आहे. अगमसारख्या बँडने पॉप किंवा साधा रॉक न घेता प्रोग्रेसिव्ह रॉकच का घेतला, याचे संगीतातले उत्तर इथे सापडते.

५. रचनेचा प्रश्न : संगती आणि चढत जाणारे गाणे

कृतीचे तीन मुख्य भाग असतात : पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम्. प्रत्येक भागानंतर पल्लवीवर परत यायचे. आपल्या अभंगातले ध्रुवपदही असेच परत येते. रॉक गाण्यातही कोरस परत येतो. हे साम्य उघड आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट संगतीची. पल्लवीची एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, पण प्रत्येक वेळी थोडी अधिक फुलवून. या क्रमाने वाढत जाणाऱ्या आवृत्त्यांना संगती म्हणतात आणि त्यागराजांच्या कृतींत त्या भरपूर आहेत. शब्द तेच, वजन वाढत जाते. रॉकमध्येही हाच परिणाम साधतात, पण साधन वेगळे : पहिल्या वेळी फक्त आवाज, दुसऱ्यांदा बेस, मग ड्रम्स, मग डिस्टॉर्शन. कर्नाटक संगीत स्वरांच्या विस्ताराने चढते, रॉक ध्वनीच्या भाराने चढतो.

मिश्र बँडला हे दोन्ही जिने एकाच वेळी चढायचे असतात. दोन्ही एकदम चढवले तर श्रोत्याला बारीक विस्तार ऐकूच येत नाही, कारण वरून आवाजाचा भार पडलेला असतो. चांगल्या रचनेत ते आळीपाळीने चढतात : गायक संगती वाढवत असताना वाद्ये स्थिर, आणि वाद्ये उसळताना गायक दीर्घ स्वरावर किंवा गप्प.

६. ध्वनीच्या पट्ट्यातली गर्दी

आणखी एक व्यावहारिक प्रश्न आहे, जो पुस्तकांत कमी येतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची, साध्या गिटारची सुमारे ८२ हर्ट्झची आणि व्हायोलिनची १९६ हर्ट्झची. पुरुषाचा आवाज यांच्या मधोमध येतो. मृदंगाची डावी बाजू, बेस गिटार आणि ड्रमसंचातला पायाने वाजणारा मोठा ड्रम हे तिघे खालच्या पट्ट्यात एकाच जागेसाठी भांडतात. आवाज, व्हायोलिन, गिटार आणि कीबोर्ड हे चौघे मधल्या पट्ट्यात.

पट्टी ठरवतानाही ओढाताण होते. गिटारवादकाला मोकळ्या तारांमुळे ई आणि ए हे षड्ज आवडतात. गायकाचा सा मात्र त्याच्या गळ्यावर ठरतो. आपल्याकडे ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’ म्हणून गायक आधी पट्टी सांगतो, तेव्हा पेटीवाल्याला तक्रार करता येत नाही. बँडमध्ये मात्र हा निर्णय चर्चेने होतो आणि कोणाची सोय आधी पाहिली, यावरून बँडचे केंद्र कुठे आहे ते कळते.

७. बेंगळुरूतल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर वाटा

मिश्रणाची अगमची वाट ही अनेक वाटांपैकी एक. १९९६ मध्ये सुरू झालेला ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बेंगळुरूचाच बँड इंग्रजीत गातो. त्यांच्या संगीतात रॉक, जॅझ आणि फंक यांची सरमिसळ आहे आणि शब्दांत शहराचे रोजचे जगणे. रघु दीक्षित यांनी २००८ च्या ‘अंतराग्नी’ या अल्बमपासून लोकसंगीत आणि रॉक यांची वाट धरली. १९व्या शतकातले कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदे त्यांनी नव्या श्रोत्यांपर्यंत नेली. ‘स्वरात्मा’ने लोकसंगीताच्या अंगाने सामाजिक विषय घेतले. ‘परवाज’ने उर्दू आणि काश्मिरी शब्दांना संथ, विस्तीर्ण रॉकची जोड दिली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘अग्नी’ने हिंदी रॉकमध्ये भारतीय गायकी आणली, तर मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने वारकरी संतांचे अभंग रॉक, रेगे आणि फंक यांच्या अंगाने मांडले.

लोकगीत किंवा अभंग घेणे आणि कृती घेणे यांत एक फरक आहे. लोकगीताची चाल गावोगाव बदलते. अभंगाला तर प्रत्येक दिंडीत, प्रत्येक गायकाकडे वेगळी चाल असते. तिथे बँडला चालीचे मोठे स्वातंत्र्य असते, जबाबदारी मुख्यतः शब्दांची. कृतीत मात्र शब्द, राग, ताल आणि चाल चारही गोष्टी बांधलेल्या असतात. अगमच्या ‘द बोट साँग’ची मुळे केरळच्या वंचिपाट्टू, म्हणजे नौकागीतांच्या परंपरेत आहेत. ते गाणे आणि ‘मनव्यालकिंचरादटे’ लागोपाठ ऐका. एकाच बँडचे हात एका ठिकाणी किती मोकळे आणि दुसऱ्या ठिकाणी किती बांधलेले आहेत, ते जाणवेल.

८. दोन आक्षेप

कर्नाटक संगीताच्या जाणकार श्रोत्याचा आक्षेप असा : कृती ही उपासना आहे; तिच्यातली शांतता ड्रम्सच्या माऱ्यात टिकत नाही, आणि शिकायला वर्षे लागणारी गमके आवाजाच्या भाराखाली दडपली जातात. रॉकच्या श्रोत्याचा आक्षेप उलटा : रॉक हे स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे माध्यम, दोनशे वर्षांपूर्वीची रचना गायली तर बँडचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे?

दोन्ही आक्षेप गंभीर आहेत आणि ‘संगीताला सीमा नसतात’ अशा वाक्याने ते उडवून लावता येत नाहीत. पहिल्या आक्षेपाची कसोटी वर पाहिलेल्या बारकाव्यांत आहे : आरोहाचे वळण टिकले का, गंधार गायकाकडे राहिला का, शब्दाआधीची पोकळी शाबूत आहे का. दुसऱ्या आक्षेपाची कसोटी अशी की मूळ कृती माहीत असलेल्या श्रोत्यालाही या मांडणीतून काही नवे ऐकू आले का. त्यागराजांचा काळ १७६७ ते १८४७. त्यांच्या रचनांवर आज कोणाचा कायदेशीर हक्क नाही. भारतीय कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणून बँडला परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही म्हणून श्रेय द्यायचे नाही, असे होत नाही. आणि जिथे रचनाकाराचे नावच माहीत नाही अशा लोकगीतांत हे भान जास्त लागते, कारण तिथे तक्रार करायला कोणी उरलेले नसते.

सारांश

मिश्र शैलीचा बँड घडतो तो एका छापील योजनेतून नव्हे. वस्ती, नोकरी, सरावाची जागा आणि सोबतीला कोण मिळाले यांतून घडतो. त्याचा ध्वनी मात्र अपघाताने येत नाही. स्वर, काळ, रचना आणि ध्वनीची जागा या चार ठिकाणी प्रत्येक परंपरेने काय राखायचे आणि काय सोडायचे याचे निर्णय घ्यावे लागतात. रॉकने नलिनकांतीसाठी पूर्ण कॉर्ड सोडला, तर कर्नाटक गायकीने आयत्या वेळचा लांब विस्तार सोडला. एकाच बाजूने सगळे सोडले, तर उरते ती दुसऱ्या बाजूची सजावट.

स्वतः ऐकून करा

१. ‘मनव्यालकिंचरादटे’ ही कृती आधी एखाद्या कर्नाटक गायकाच्या मैफलीतून आणि मग अगमच्या आवाजात ऐका. पहिल्या दोन मिनिटांत पल्लवीची ओळ किती वेळा येते आणि प्रत्येक वेळी काय वाढते : स्वर की वाद्ये? दोन रकाने करून लिहा.

२. हाताने ८ मात्रा मोजत ऐका. शब्द समेवर सुरू होतो की पुढे? ड्रमवादक त्या जागी काय करतो?

३. तुमच्या जिल्ह्यातले एखादे अभंग, भारूड किंवा पोवाडा निवडा. ते रॉक बँडला द्यायचे असेल तर त्यातली एक गोष्ट कोणती, जी बदलली तर ते ओळखूच येणार नाही? आणि कोणती बदलली तरी चालेल? कारणासह दोन परिच्छेद लिहा.

४. तुमच्या गटात वाद्य वाजवणारे कोणी असेल तर नलिनकांतीचे सहा स्वर घेऊन आधी पूर्ण कॉर्ड आणि मग पॉवर कॉर्ड वाजवायला सांगा. दोन्ही वेळा दुसऱ्याने गंधारावर थांबून गावे. कोणत्या वेळी आवाज मोकळा लागतो, ते ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून ठरवावे.